‘अपघात’ म्हणण्यापूर्वी



आज एका कबुलीने सुरुवात करतो. एरव्ही कबुली ऐकणे हे माझे काम. आज सांगणारा मी आहे आणि ऐकणारे आपण.

गेल्या वर्षी पावसाळ्यातली गोष्ट. तालुक्यातल्या एका वाडीवरून सकाळीच निरोप आला. तिथली एक आजी अत्यवस्थ होती आणि घरच्यांनी मला ताबडतोब बोलावले होते. मी जीप काढली. आतला एकेरी डांबरी रस्ता, वर पावसाची भुरभुर. पुढे दोन मुली सायकलवरून शाळेला चालल्या होत्या. समोरून एक टेम्पो येत होता. मी जोराने हॉर्न वाजवला. वेग मात्र कमी केला नाही. मुली घाईघाईने डांबरावरून खाली उतरल्या. साईडपट्टी पावसाने वाहून गेलेली, डांबराची कड वीतभर उंच. त्यातल्या धाकटीचा तोल गेला. आरशात मला तिची आडवी सायकल आणि चिखलात पडलेले दप्तर दिसले. दुसरी मुलगी सायकल टाकून तिच्याकडे धावली.

मी थांबलो नाही.

मनाशी म्हणालो, ‘धक्का तर लागला नाही. ती उठेल. तिकडे एक जीव जायला टेकला आहे.’ वाडीवर पोहोचलो. आजी शुद्धीवर होती. तिला पवित्र तेल लावले, तासभर प्रार्थना केली, चहा घेतला. परतताना त्या जागी कोणी नव्हते. जीप चालवता चालवता शुभवर्तमानातला तो प्रसिद्ध दृष्टांत डोळ्यांसमोर आला. यरुशलेमहून यरीहोला जाणारा रस्ता, कडेला पडलेला जखमी माणूस आणि त्याला पाहून पुढे निघून गेलेला याजक. ह्या दृष्टांतावर मी अनेकदा प्रवचन केले आहे. त्यातला याजक मीच आहे, हे मात्र त्या दिवशी पहिल्यांदा कळले.

पुढच्या आठवड्यात शाळेत चौकशी करून त्या मुलीच्या घरी गेलो. कोपर खरचटले होते, सायकलचे हँडल वाकले होते, बाकी सारे ठीक होते. मी तिच्या वडिलांची माफी मागितली. ते भला माणूस. मलाच समजावू लागले, “असू द्या फादर, तुमचा काय दोष? व्हायचं हुतं ते झालं.” मग थोडे थांबून म्हणाले, “पर आता सायकल बंद केली बगा तिची. लेकरू जितं ऱ्हायलं तर शाळा.” रोजंदारी नसेल त्या दिवशी ते तिला मोटारसायकलवर सोडत होते. रोजंदारी असेल त्या दिवशी मुलगी घरी राहत होती.

‘व्हायचे होते ते झाले.’ हे वाक्य त्यांनी मला दिलासा देण्यासाठी उच्चारले. पण ते मला आजतागायत टोचत आहे. खरोखर ते ‘व्हायचेच’ होते काय?

अपघात कशाला म्हणावे?

आपल्या बोलण्यात रस्त्यावरच्या प्रत्येक मृत्यूला एकच शब्द आहे, अपघात. त्यानंतर आपण म्हणतो, दैवाचा खेळ. वाचलाच तर म्हणतो, काळ आला होता पण वेळ आली नव्हती. हे शब्द दुःखी माणसाला आधार देतात, म्हणून ते वाईट नव्हेत. पण त्यांच्यामागे जबाबदारी लपून बसू शकते.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलचा एक भेद आम्ही पाठ केला होता. त्याच्या मते एकाच्या हातून दुसऱ्याचे नुकसान तीन प्रकारे होते. जे घडेल असे कोणत्याही समंजस माणसाला वाटले नसते, ते दुर्दैव. जे घडू शकते हे ओळखता आले असते, पण मनात वाईट हेतू नव्हता, ती चूक. आणि जे जाणूनबुजून केले, तो अन्याय. पुढे तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास ह्यांनी आपल्या ‘सुम्मा थिऑलॉजिए’ ह्या ग्रंथात नकळत झालेल्या मनुष्यहत्येचा विचार केला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की हेतू नव्हता एवढ्याने माणूस निर्दोष ठरत नाही. जी काळजी घ्यायला हवी होती ती घेतली नसेल, तर काही अंशी दोष त्याच्याकडे येतोच.

ह्या कसोटीवर माझी गोष्ट घासून पाहा. ओला रस्ता, तुटलेली कड, समोरून वाहन, पुढे शाळकरी मुली. त्या पडू शकतात हे ओळखायला ज्योतिषी लागत नव्हता. म्हणजे ते दुर्दैव नव्हते. ती चूक होती, आणि पडलेली पाहूनही मी थांबलो नाही, हा त्यापुढचा दोष.

पण सगळा दोष माझ्या एकट्याच्या खात्यावर मांडून विषय संपवता येईल काय? ती वीतभर उंच कड मी केली नव्हती. माझ्या जागी सावकाश जाणारा माणूस असता तरी उद्या दुसरा घाईतला येणारच. म्हणून प्रश्न असा आहे, की माणसे चुकतात हे ठाऊक असताना आपण रस्ते कसे बांधतो?

आपल्या मातीने शिकवलेला धडा

ह्या प्रश्नाचे उत्तर शोधायला उमरग्याच्या माणसाला फार लांब जावे लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपतीचे विसर्जन झालेले, गावे गाढ झोपेत, आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी धरणी हादरली. किल्लारी, तेव्हा आपल्याच तालुक्यात असलेले सास्तूर आणि आजूबाजूची कितीतरी गावे क्षणात जमीनदोस्त झाली. सुमारे आठ हजार माणसे गेली. आजही आपल्यापैकी अनेकांच्या घरी त्या पहाटेचे कोणी ना कोणी फोटोत आहे.

तेव्हाही आपण दैवाला बोल लावला. पण पुढे अभ्यासकांनी एक गोष्ट आपल्या ध्यानात आणून दिली. त्याच्या चारच वर्षे आधी, ऑक्टोबर १९८९ मध्ये, अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात याहून मोठा, ६.९ तीव्रतेचा भूकंप झाला होता. तिथे ६३ माणसे दगावली. फरक कुठे होता? पुष्कळसा फरक भिंतींत होता. आपल्याकडे मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद. जमीन हलली, भिंती फुटल्या आणि डोक्यावरचा भार खाली आला. भूकंपापेक्षा घरांनी माणसे अधिक मारली.

हे कळल्यावर आपण काय केले? ‘नशीब’ म्हणून पुन्हा तशीच घरे बांधली नाहीत. ५२ गावे नव्या जागी वसवली. भिंतीला दारांच्या वर काँक्रीटचा पट्टा हवा, कोपरे एकमेकांत बांधलेले हवेत, छत हलके हवे, हे गवंड्यांना शिकवले गेले. भूकंप थांबवणे आपल्या हाती नव्हते. घर बदलणे हाती होते, ते आपण केले.

जुन्या करारात, अनुवाद ह्या पुस्तकात, एक छोटा नियम आहे. नवे घर बांधणाऱ्याने छताला कठडा घालावा. घातला नाही आणि कोणी वरून पडून मेले, तर त्या रक्ताचा दोष घरावर येतो. उन्हाळ्यात माळवदावर झोपणाऱ्या आपल्यासारख्यांना हा नियम समजावून सांगावा लागत नाही. त्यातली गोम पाहा. झोपेत कुशीवर वळणाऱ्याला शहाणपण शिकवा, असे तो नियम म्हणत नाही. तो बांधणाऱ्याला कठडा घालायला सांगतो.

आपल्या रस्त्यांना सायकलवाल्यासाठी कठडा कुठे आहे?

महामार्ग आणि सायकल

आपले गाव पुणे-सोलापूर-हैदराबाद महामार्गावर आहे. पूर्वी तो ९ क्रमांकाचा होता, आता ६५ क्रमांकाचा म्हणतात. ह्या रस्त्याने उमरग्याला बाजार दिला, कॉलेजे दिली, सोलापूरचे दवाखाने जवळ आणले. त्याचे उपकार नाकारणे कृतघ्नपणा होईल. पण ज्यांची सायकल ह्या रस्त्याच्या आधीपासून इथे आहे, त्यांचाही थोडा विचार करू.

आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल, एके काळी सायकल ही मालमत्ता होती. तिच्यावर कर असे, तो भरल्यावर पितळी बिल्ला मिळे. रात्री दिवा नसेल किंवा डबलसीट असेल तर पोलीस चाकातली हवा सोडत. दुकानातून तासाच्या भाड्याने सायकल घेऊन आम्ही पोरे शिकलो. पुढे गाड्या आल्या आणि सायकल गरिबाघरची झाली. आज आपल्या भागात पहाटे दूध घालणारा, पोते कॅरियरला बांधून रानात जाणारा, आणि शाळेला जाणारी मुलगी एवढेच मुख्यतः सायकलवर उरले. मुलींचे शिक्षण थांबू नये म्हणून शासनाने मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे दिले. उत्तम योजना. पण सायकल दिली आणि रस्ता दिला नाही, तर ते अर्धेच दान झाले.

२०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. किल्लारीसारखे वीसहून अधिक भूकंप एका वर्षात. त्यांत ३२,८२५ पायी चालणारे होते आणि साडेचार हजारांहून अधिक सायकलस्वार. ह्यांच्यापैकी कोणाकडेही दुसऱ्याला चिरडण्याएवढी ताकद नव्हती. इथेच नीतीचा प्रश्न उभा राहतो. रस्त्यावर सर्व समान, असे आपण म्हणतो. पण एकीकडे वीस टनांचा ट्रक आणि दुसरीकडे वीस किलोची सायकल असेल, तर दोघांना एकच नियम लावणे म्हणजे न्याय नव्हे. ज्याच्या हाती अधिक बळ, त्याच्यावर काळजीचे ओझेही अधिक असले पाहिजे.

वेगाचे गणित शाळेतल्या भौतिकशास्त्रात आहे. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते. ताशी ३० किलोमीटरने धडक बसलेला माणूस बहुधा वाचतो. ६० ने बसली तर वाचणे कठीण. म्हणूनच फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोम येथे झालेल्या रस्तासुरक्षेच्या जागतिक परिषदेने म्हटले, की जिथे पादचारी, सायकली आणि मोटारी एकत्र येतात तिथे वेग ३० च्या वर नसावा.

तीन मिनिटांची किंमत

ह्यावर कोणी म्हणेल, “फादर, सायकलवाले काय कमी आहेत? उलट्या बाजूने येतात, रात्री ना दिवा ना रिफ्लेक्टर, मध्येच वळतात.” खरे आहे. त्यांनाही शिस्त हवी. पण बारा वर्षांच्या मुलीने मागे न पाहता वळण घेतले, ह्या चुकीला आपण कोणती शिक्षा योग्य मानतो? घरी आपण दोन शब्द रागावू. तीच चूक रस्त्यावर झाली तर मृत्युदंड! शिवाय उलट्या बाजूने येणारा बहुतेक वेळा हौसेने येत नाही. दुभाजकाची पुढची फट एखादा किलोमीटर लांब असते आणि त्याच्याकडे पेट्रोल नसते, पाय असतात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वेगाचीही गरज असते. बाळंतीण अडली असेल, कोणाला सोलापूरला न्यायचे असेल, तर मिनिटे मोलाची. माझ्या त्या सकाळीही मी हेच कारण दिले होते. म्हणून हिशेब करून पाहिला. वस्तीतून जाणारा तीन किलोमीटरचा तुकडा ६० च्या वेगाने गेलो तर तीन मिनिटे लागतात, ३० ने गेलो तर सहा. फरक तीन मिनिटांचा. गावाबाहेर मोकळ्या महामार्गावर वेग जरूर असावा, तो त्यासाठीच आहे. पण शाळा, बाजार, चौरस्ता, आठवडी बाजाराचा दिवस, इथे ती तीन मिनिटे द्यायला काय हरकत आहे? रुग्णवाहिकेला वाट देणे हा वेगळा प्रश्न आहे, आणि ती वाट आपण बेशिस्त पार्किंगने अडवतो, सायकलींनी नव्हे.

बदल होऊ शकतो

‘आपल्याकडे हे जमायचे नाही’ असेही म्हटले जाते. सायकलींचा देश म्हणून आज हॉलंडचे नाव घेतात. पण तिथेही हे पहिल्यापासून नव्हते. १९७१ साली त्या चिमुकल्या देशात रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली, त्यांत चारशेच्या वर मुले होती. सायकलवरून शाळेला जाणारी आपली चिमुरडी लेक गमावलेल्या एका पत्रकाराने १९७२ मध्ये ‘द टाइड’ ह्या कॅथोलिक परंपरेच्या दैनिकात लेख लिहिला. त्याने ‘अपघात’ हा शब्द वापरला नाही. मुलांची हत्या थांबवा, असे तो म्हणाला. आईबाप रस्त्यावर उतरले. पुढच्याच वर्षी तेलटंचाई आली आणि सरकारने काही रविवार मोटारींना बंदी केली. रिकाम्या रस्त्यांवर मुले सायकली घेऊन बाहेर पडली, आणि रस्ता असाही असू शकतो हे लोकांना दिसले. मग हळूहळू वेगळे सायकलमार्ग आले, वस्त्यांमध्ये वेग कमी झाला. तिथल्या कायद्यातही मोटार आणि सायकल ह्यांच्या धडकेत भरपाईचा मुख्य भार मोटारवाल्यावर ठेवलेला आहे.

दुसरे उदाहरण आपल्या पुण्याचे. एकेकाळी ते सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. मग दुचाकी गाड्यांनी ते भरून गेले. २००६ नंतर बीआरटीबरोबर काही रस्त्यांवर सायकलमार्ग बांधले गेले, डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेने शहराचा सायकल आराखडाही मंजूर केला. पण बांधलेल्या मार्गांपैकी पुष्कळ तुटक राहिले, आणि त्यांवर गाड्या उभ्या राहिल्या, दुकाने मांडली गेली. म्हणजे कठडा बांधला तरी आपणच तो काढून टाकू शकतो. रस्ता बदलायचा तर मनही बदलावे लागते, आणि नुसते मन बदलूनही भागत नाही. दोन्ही लागतात.

आपला कायदाही ह्या दिशेने थोडा सरकला आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८-अ आले. रस्त्याची रचना, बांधणी वा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न केल्यामुळे मृत्यू वा अपंगत्व आले, तर संबंधित यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम लहान आहे, पण तत्त्व मोठे आहे. कठडा न घालणाऱ्यावर दोष येतो, हेच ते तत्त्व. त्याच दुरुस्तीतले कलम १३४-अ जखमीला मदत करणाऱ्याला कोर्टकचेरीच्या त्रासापासून संरक्षण देते. कायद्याने त्या मदत करणाऱ्याला नाव दिले आहे ‘गुड समॅरिटन’, आपल्या दृष्टांतातला दयाळू शोमरोनी. तेव्हा ‘पोलिसांची भानगड नको’ ही सबब आता उरलेली नाही. मला तर त्या दिवशी ती सबबही नव्हती.

आपल्याला काय करता येईल?

मोठ्या गोष्टी पुढे बोलू. आधी आपल्या अंगणातल्या.

रविवारी मिस्साला येताना आपल्या गाड्या आपण चर्चसमोर पांढऱ्या पट्टीच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला लावतो. सायकलवाल्याची तेवढीच जागा असते. ती आपण घेतली, की तो ट्रकपुढे जातो. येत्या रविवारपासून गाड्या आतल्या मैदानात लागतील. माझी जीप सर्वांत आधी.

गाडीचे दार उघडण्यापूर्वी मागे पाहावे. पुढे सायकल दिसली तर हॉर्नवर हात जाण्याआधी पाय ब्रेकवर जावा. तिला ओलांडताना हातभर नव्हे, चांगले वावभर अंतर सोडावे, आणि तेवढी जागा नसेल तर मागे थांबावे. रात्री समोर सायकल असेल तर डिपर द्यावा. ज्यांच्या घरी उसाची ट्रॉली किंवा बैलगाडी आहे, त्यांनी मागे रिफ्लेक्टर लावावेत. आणि ज्यांची मुले सायकलवर जातात त्यांनी ब्रेक, घंटी, मागचा लाल रिफ्लेक्टर आज संध्याकाळीच तपासावा.

मग यंत्रणेकडे जाऊ. साईडपट्ट्या भरणे, शाळेपुढे वेगमर्यादेची पाटी आणि पांढऱ्या पट्ट्यांचा गतिरोधक, दुभाजकाच्या फटीजवळ दिवा, ह्या मागण्या अवाजवी नाहीत. गावांनी ग्रामसभेत, शहराने नगर परिषदेत आणि आपण सर्वांनी मिळून सार्वजनिक बांधकाम खात्याकडे त्या लेखी द्याव्यात. ह्यात धर्म, पक्ष, जात काही येत नाही. मशिदीतले, मंदिरातले, विहारातले बांधव सोबत घेऊन जाऊ. पडणारे लेकरू कुणाचेही असते.

त्या मुलीचे काय झाले, असे आपण विचाराल. मी हँडल सरळ करून दिले. वडिलांना मात्र अजून पटलेले नाही. मी त्यांना ‘पाठवा, काही होणार नाही’ असे म्हणू शकत नाही, कारण रस्त्याची कड अजून तशीच आहे. त्या कडेचा फोटो आणि अर्ज मी तयार केला आहे. मिस्सा संपल्यावर तो दाराशी टेबलावर ठेवलेला असेल. वाचा, पटला तर सही करा.

परमेश्वर आपल्याला थांबण्याची सुबुद्धी देवो.

आपला,
धर्मगुरू